दाराजवळचा पाट

सोलापूर, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय हन्नाआजी, सलाम.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. अमृतदादाने बाराव्या वाढदिवसाला आपली चिठ्ठी स्वतःच्या हाताने काढली, असं मी लिहिलं होतं. तसं झालं नव्हतं. आमच्यात ज्याची चिठ्ठी तो ती काढत नाही. बारा वर्षांखालचं कुणीतरी त्याच्यासाठी काढतं, कारण तो हात अजून कुणाच्या बाजूचा नसतो. अमृतची चिठ्ठी मी काढली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

तुम्ही इथल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन, आमचा शेजार सोडून पनवेलला गेलात, त्यानंतर हे सुरू झालं, म्हणून नीट सांगते. आई धाकट्या सोनमच्या बाळंतपणात गेली ते तुमच्या डोळ्यांसमोरच. पुढच्याच वर्षी बाबांनी चर्चला जाणं सोडलं आणि एमआयडीसीतल्या आपल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये स्वतःची मंडळी सुरू केली. तिचं नाव ‘शेष’. बाबा शिकवतात की देवाने आधी तुमच्या ज्यू लोकांना निवडलं, मग चर्चमधल्या लोकांना, आणि दोघांनीही ते हातचं घालवलं. आता आम्ही चव्वेचाळीस जण उरलो आहोत. कुणाला निवडायचं हे जग होण्याआधीच ठरलं आहे, आपण फक्त ते उघडून बघायचं. म्हणून गाडग्यात दोन चिठ्ठ्या टाकतात, ‘होय’ आणि ‘नाही’. मंडळीत येणाऱ्या मोठ्या माणसांचीही निघते. चिठ्ठ्या आता मीच लिहिते, माझं अक्षर चांगलं म्हणून. बाबांनीच घरी गिरवून घेतलेलं.

‘नाही’ आलेल्याला बाबा मारत नाहीत, रागावतही नाहीत. तो दाराजवळच्या पाटावर बसतो, सगळ्यांचं झाल्यावर जेवतो, गाडग्याला हात लावत नाही, आणि त्याच्यासाठी कुणी प्रार्थना करायची नाही. अमृत पाच वर्षं तसा बसला. पंधराव्या वर्षी त्याला ताप चढला तेव्हा बाबांनी त्याला दवाखान्यात नेलं, शेजारी बसून सलाइन बघितलं, मोसंबी सोलून दिली. प्रार्थना मात्र केली नाही. मी पांघरुणात केली, आणि नंतर ती केल्याबद्दल माफी मागितली. सतराव्या वर्षी तो उजनीकडे बिरुदेवमामाच्या गावी निघून गेला. पाट अजून तिथेच आहे. बाबा रोज तो स्वतः पुसतात.

९ नोव्हेंबरला सोनम बारा वर्षांची होते. रविवारच आहे. म्हणून मला तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही तर पहिले निवडलेले. निवडलेलं म्हणजे नक्की काय असतं?

उत्तर नेहमीप्रमाणे काशम्मामावशींच्या पत्त्यावर पाठवा. त्या आमच्या टॉवेलांना शिलाई मारतात आणि पत्र देताना दर वेळी म्हणतात, “आमच्या स्वामींना एक नारळ पुरतो बघ. तुमच्या देवाला चिठ्ठ्या कशाला लागतात की?”

तुमची,
अपेक्षा


पनवेल, २६ सप्टेंबर २०२५

चि. अपेक्षा, अनेक आशीर्वाद.

आमचं नवं वर्ष परवा झालं, त्यामुळे उत्तराला उशीर.

तुझ्या बाबाला सांग, पहिले निवडलेले अजून जिवंत आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात.

माझे वडील सांगत, घरात चार पोरं असली की आई एकाला हाक मारते, जा, विहिरीवरून पाणी आण. तो काही लाडका म्हणून नव्हे. कुणीतरी आणायलाच हवं असतं. निवडलेलं म्हणजे तेवढंच. घागर तुझ्या डोक्यावर, पाणी सगळ्यांसाठी.

ऐकायला छान आहे ना? मलाही लहानपणी छान वाटायचं. आता पुढचं ऐक. आम्ही बेने इस्रायल कोकणात तेलाचे घाणे चालवायचो आणि शनिवारी बंद ठेवायचो. मूठभर माणसं. त्या मूठभरांतही दोन भाग होते, गोरे आणि काळे. रंगाचा संबंध नाही. ज्याच्या घराण्यात कधीकाळी बाहेरची बाई आली ते काळे. माझ्या वडिलांची आजी आगरी होती. त्यामुळे ज्यांनी मला घागरीची गोष्ट सांगितली, त्या माझ्या वडिलांना मशिदीत शास्त्राची गुंडाळी कुणी हातात घेऊ देत नसे. आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीद म्हणतो, हे तुला माहीत आहे. लग्नात आमच्या पंगतीची भांडी वेगळी असायची. मी सहा वर्षांची असताना चुकून एका गोऱ्या बाईच्या तांब्याने पाणी प्यायले. त्या बाईने तांबा राखेने घासला, माझ्यासमोर, माझ्याकडे बघून हसत. मग काही वर्षांनी आमचे लोक इस्रायलला गेले, तर तिथले म्हणाले, आधी तुम्ही खरे ज्यू आहात का ते तपासू. तांबा घासणारी बाईही त्यात होती. मला फार आनंद झाला.

येत्या गुरुवारी आमचा मोठा उपास. त्याआधी ज्या माणसाचं वाईट केलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची असते. देवाकडे मागितलेली चालत नाही, तो त्यातला नाही.

तुला एक विचारते. मी पंचेचाळीस वर्षं नर्स होते, खरं दुखणं लपवायला माणसं छोटं दुखणं पुढे करतात हे मला कळतं. चिठ्ठी कुणी काढली एवढीशी दुरुस्ती करायला तू अख्खं पत्र लिहिलंस. उरलेलं कुठे आहे?

तुझी,
हन्नाआजी


सोलापूर, ३ ऑक्टोबर २०२५

प्रिय हन्नाआजी, सलाम.

काल तुमचा उपास होता. मीही जेवले नाही, पण तो तुमच्यासाठी होता की भीतीने, हे मला सांगता येत नाही. म्हणून तो धरू नका.

उरलेलं लिहिते.

अमृतचा तो दिवस आला तेव्हा बाबांचा स्वतःचाच चिठ्ठ्यांवर पुरता विश्वास नव्हता. सकाळी त्यांनी मला मागच्या खोलीत सुताच्या कांड्यांच्या पोत्यावर बसवलं आणि म्हणाले, “एका चिठ्ठीचा कोपरा मुडपलाय. तीच घे. दादा आत राहील.” मी हो म्हटलं.

अमृत तेव्हा शाळेत जायचा. मी घरी शिकायचे. बाबा म्हणायचे, मुलीला बाहेरचं वारं नको. तो रोज दप्तर घेऊन यायचा आणि त्यातून खडूचा, डब्याचा, दुसऱ्या मुलांचा वास यायचा. मी त्याच्या वह्या चोरून वाचायचे. त्या सकाळी मी त्याला म्हटलं, तुझी कंपासपेटी एक दिवस दे. तो म्हणाला, “तुला कशाला? तू काय शाळेत जाणारेस?” तो हसला नाही. त्याने सहज विचारलं.

गाडग्यात हात घातला तेव्हा मुडपलेली चिठ्ठी आधी लागली. बोटांत आली होती. मी ती सोडली आणि सरळ होती ती घेतली.

आजी, मला वाटलं होतं की एक दिवस रागावतील, अमृत रडेल, आणि मग बाबा म्हणतील, चल, पुन्हा काढू. ‘वाटलं होतं’ हेही कदाचित मी नंतर जोडलं असेल. नक्की आठवतं ते एवढंच की मला बरं वाटलं.

बाबांनी चिठ्ठी उघडली, वाचली आणि वर पत्र्याकडे पाहिलं. किती तरी वेळ. मला वाटतं, त्यांचा विश्वास त्या क्षणी बसला. त्यांनी लबाडी केली आणि देवाने ती पकडली असं त्यांना वाटलं. त्यानंतर त्यांनी कधी कोपरा मुडपला नाही. अमृतवर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव होता, म्हणून त्याच्या बाबतीत ते सगळ्यांत कडक झाले. आतापर्यंत आणखी दोन मुलांना ‘नाही’ आली. त्यांचे आईबाप त्यांना घेऊन अक्कलकोटला निघून गेले.

म्हणजे सोनमची चिठ्ठी खरीच निघणार आहे.

तुम्ही म्हणालात माणसाकडे माफी मागायची. अमृतला आजच पत्र टाकलं आहे. त्याचं उत्तर आलं की जसंच्या तसं तुम्हाला पाठवीन.

अपेक्षा


(आल्यावर तसंच पुढे पाठवलेलं)

११ ऑक्टोबर

अपेक्षा,

पत्र मिळालं. मामानं वाचलं आधी, मग मला दिलं.

तू जे लिहिलंस ते मला माहीत होतं. मी तुझ्यासमोरच उभा होतो. मुडपलेली तुझ्या बोटांत आली आणि तू ती सोडलीस. मी बघितलं.

मी गप्प बसलो ते तुझ्यावरच्या मायेनं, असं तुला वाटेल. पहिले दोन महिने तसं होतं पण. सांगितलं असतं तर तुला पाटावर बसवलं असतं. नंतर नंतर मी मुद्दाम सांगितलं नाही. मी दारात जेवायचो आणि तू आतून बघायचीस, तुझा घास उतरायचा नाही. ते बघून मला जेवण गोड लागायचं. सांगून तुला हलकं करायचं नव्हतं.

आता तू स्वतः सांगितलंस. माझ्याकडं तेवढं एकच होतं, ते पण नेलंस.

हितं बरं चाललंय. बॅकवॉटरवर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. पोटापुरतं मिळतं. माफीबिफी मागू नकोस. सोनमचं काय करतेस ते सांग.

अमृत


पनवेल, १७ ऑक्टोबर २०२५

चि. अपेक्षा,

दोन्ही पत्रं मिळाली. अमृत जन्मला तेव्हा अडीच किलोचा होता आणि रडायला तयार नव्हता. मी त्याला तळपायावर चापट मारली होती. तसाच राहिला म्हणायचा.

तू आता रडत बसली असशील. बस कर. तुझी टोचणी ही तुझी हौस होऊ लागली आहे. रोज स्वतःला तपासायचं, रोज एक डाग काढायचा. सोनमला त्याचा काय उपयोग? तुझ्या बाबाला सांग. गाडग्यातून देव बोलला नव्हता, तुझी बोटं बोलली, एवढं त्याला कळू दे.

तुला उपदेश करणारी मी कोण, तेही सांगते. माझ्या मुलाने मोझेसने सव्वीस वर्षांपूर्वी लातूरच्या एका मुलीशी लग्न केलं. आमच्यातली नव्हती. मी सात दिवस जमिनीवर बसले, कपडा फाडला, आरसे झाकले. मेलेल्यासाठी करतात तसं. आमच्यात हे फारसं कुणी करत नाही, लोक मला समजवायला आले होते. मी ऐकलं नाही. ज्या बाईच्या घराण्याची भांडी वेगळी ठेवत, तिला वाटलं, आता आपणही कुणालातरी बाहेर काढू शकतो. आठव्या दिवशी मी ड्युटीवर गेले. तुझ्या आईला माझा मुलगा अपघातात गेला असं मी सांगितलं होतं. ती माझ्यासाठी रडली.

त्याला मूल आहे असं ऐकते. मुलगा की मुलगी, मला माहीत नाही.

बाबाशी बोल.

हन्नाआजी


सोलापूर, २७ ऑक्टोबर २०२५

प्रिय हन्नाआजी, सलाम.

बुधवारी बाबांना सांगितलं. ते मागावर सुताचा बीम चढवत होते. मी सगळं सांगितलं, कंपासपेटीसह.

त्यांनी हात पुसले आणि खाली बसले. म्हणाले, “मुडपलेली हाताला लागली व्हती?”

“लागली होती.”

“आन् सोडलीस?”

“सोडली. रागाने.”

“राग कुणी घातला तुझ्या मनात?”

मी म्हटलं, “बाबा, मला शाळेत जायचं होतं. तुम्ही पाठवलं नाही.”

“तेच की,” ते म्हणाले. “शाळंत घातलं असतं तर तुला राग आला नसता. मग अमृत आत राहिला असता. बघ देवानं कसं जुळवलंय.”

आणि बाबा रडायला लागले. आजी, मी अकरा वर्षांत त्यांना इतकं सुखी पाहिलं नव्हतं. म्हणाले, “आजवर मला वाटायचं, माझ्या लबाडीमुळं पोराचं वाटोळं झालं. तसं न्हाय. माझी लबाडी, तुझा मत्सर, दोन्ही त्यानंच जुंपलं.”

मी म्हटलं, मग अमृतला बोलवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला काही समजलंच नाही. “आता तर पक्कं झालं. आता कसा बोलवू?”

काल रविवारी त्यांनी सगळ्या मंडळीला साक्ष म्हणून हे सांगितलं. स्वतःची लबाडीही लपवली नाही. ईश्वरप्पाकाका धाय मोकलून रडले. नंतर बाया एकेक करून आल्या आणि माझा उजवा हात आपल्या डोळ्यांना लावून गेल्या. वर ‘सगळ्या बाया’ असा अर्थ निघत असेल तर ते चूक आहे. अकरा जणी आल्या. मी हात काढून घेतला नाही. काढून घ्यायला हवा होता.

आता ठरलं आहे की सोनमची चिठ्ठी लहान मुलाने काढायची नाही. ज्या हातातून देवाने काम केलं त्याच हाताने काढायची. मी काढायची.

आज दुपारी सोनम दिसेना म्हणून शोधलं, तर ती दाराजवळच्या पाटावर बसून जेवत होती. थाळीत गार भात आणि काल उरलेलं वरण. म्हटलं, हे काय?

म्हणाली, “सवय करून बघते. तसं काही लई वाईट नाही ताई. वारं येतं हितं.”

अपेक्षा


पनवेल, ३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

चि. अपेक्षा,

आमचा शनिवार आज सूर्यास्तालाच लागतो. दिवे लावायला तासभर आहे, त्यानंतर मला लिहिता येणार नाही. म्हणून थोडक्यात.

दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘होय’ लिही आणि मोकळी हो. तू ‘पण ते खोटं होईल’ म्हणशील. होऊ दे. माझ्या नोकरीत मी मरणाऱ्या माणसांना शंभर वेळा म्हटलं आहे, उद्या बरं वाटेल.

दुसरं म्हणजे, आज दिवसभर एक गोष्ट मनात घोळते आहे. मंडळीत येणाऱ्या प्रत्येकाची चिठ्ठी निघते, असं तू सप्टेंबरच्या पत्रात लिहिलं होतंस. तुझ्या बाबाची कुणी काढली?

हे विचारायला नको होतं असं लिहिताना वाटतं आहे. पण खोडत नाही.

हन्नाआजी


सोलापूर, ५ नोव्हेंबर २०२५

प्रिय हन्नाआजी, सलाम.

तुमचं पत्र सोमवारी आलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, कुणीच नाही.

मी मंडळीची वही सुरुवातीपासून वाचली. चव्वेचाळीस नावं आहेत आणि गेलेली आठ. बारा वर्षांवरच्या प्रत्येकापुढे तारीख, कुणाच्या हाताने आणि काय निघालं. पहिलं नाव बाबांचं. त्यापुढे जागा कोरी आहे. अकरा वर्षांत ती कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही, आणि वही मीच लिहिते. काल जेवताना मी बाबांना विचारलं. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, “माझी निघाली न्हाय, व्हय. ऱ्हायलीच.” त्यांनी बहाणा केला नाही. घास पुन्हा उचलत म्हणाले, “मग रविवारी आधी माझी काढू. तुझ्याच हातानं. मग सोनीची.”

ते घाबरले नाहीत. त्यांना खात्री आहे.

तुम्ही म्हणता दोन्ही ‘होय’ लिही. ते सोनमसाठी लिहिलं तर ती आत बसेल, आधी जेवेल आणि दुसऱ्या कुणाच्या तरी पोराकडे दारात बघत राहील. तसं बसून काय होतं ते मला माहीत आहे. तिला घेऊन जायला अमृतला सांगितलं तरी इथला पाट रिकामा राहणार नाही. ईश्वरप्पाकाकांची दानेश्वरी पुढच्या चैत्रात बारा वर्षांची होते.

ज्याला ‘नाही’ येतं त्याने गाडग्याला हात लावायचा नाही, हा बाबांचाच नियम आहे. बाबा नियम मोडणार नाहीत. स्वतःच्या मुलासाठी मोडला नाही. त्यांची ‘नाही’ निघाली तर ते गाडगं खाली ठेवतील, उठतील आणि जाऊन पाटावर बसतील. गाडगं बाबांशिवाय कुणी धरत नाही, मग सोनमची निघणारच नाही. त्यांच्यासाठी प्रार्थनाही कुणी करणार नाही, कारण तीही त्यांनीच बंद केली आहे. ते उरलेलं आयुष्य तिथे बसतील आणि खरंच मानतील. मला ते सगळं दिसतं. मी डोळे मिटून बसते तेव्हा त्यांची थाळीसुद्धा दिसते.

एक ‘होय’ आणि एक ‘नाही’ लिहिली तर अर्धी शक्यता राहते. मला अर्धी नको आहे. नंतर पुन्हा दुरुस्ती करावी लागू नये म्हणून आताच लिहून ठेवते. बाबांच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर मी ‘नाही’ लिहिणार आहे. कोपरा मुडपावा लागणार नाही. आणि यात सोनमला वाचवणं किती आणि अमृतच्या पाच वर्षांची फेड किती, हे मी तपासलं. पहिलं जास्त आहे असं म्हणवत नाही.

अमृतचा निरोप आला. तो रविवारी सोनमसाठी फाट्यावर मोटारसायकल घेऊन थांबेल. आत येणार नाही, पण दार उघडं ठेव म्हणाला.

पाट आज मी पुसला. गाडगं धुऊन पालथं घातलं आहे. मोझेसचा पत्ता तुमच्याकडे असेल तर या आठवड्यात त्याला पत्र टाका, माझ्यासारखं अकरा वर्षं थांबू नका. तुमची आधीच सव्वीस झाली आहेत.

चिठ्ठी मी रविवारी, ९ नोव्हेंबरला, सकाळी नऊ वाजता काढणार आहे.

अपेक्षा